सुकाणूवरचा बल्ब

"तो राहू दे," कप्तान म्हणाला.

मुलगी शिडीवर उभी होती. स्क्रू ड्रायव्हर दातांत धरलेला, एक हात छताच्या फळीला, दुसऱ्या हातात जुन्या बल्बचा पितळी होल्डर. तिनं खाली पाहिलं आणि दातांतला स्क्रू ड्रायव्हर काढून खिशात घातला.

"कुठला?"

"हाच. सुकाणूवरचा."

"बाबा, हाच तर सगळ्यात म्हातारा आहे. वायर बघा याची." तिनं वायर बोटानं जरा वाकवली, तसं तिच्यावरचं कापडी वेष्टन भुशासारखं खाली झडलं. "या लाँचला कधी आग लागलीच ना, तर ती इथनं लागेल. आणि हा एक ठेवायचा म्हणजे खाली डायनामोपर्यंतची सगळी वायर तशीच ठेवा. मग मी बदललं काय, डोंबल?"

कप्तानानं सुकाणूच्या चाकावर हात टेकला.

"बरं. काढ."

होल्डर निघाला. छतात तो जिथं होता तिथं कोऱ्या लाकडाचा एक फिकट गोल उरला.

मुलीला धक्क्यावर सगळे 'वायरमन' म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत. पुढे चेष्टा झडून गेली आणि नाव राहिलं. घरोघरचे पंखे, पाण्याच्या मोटारी, दुकानांच्या पाट्या अशी कामं करत ती इथवर आली होती. लाँचचं काम मात्र मालक तिला देईना. 'बोटीचं काम वेगळं असतं,' म्हणायचा. ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. जुने बल्ब बॅटरी कशी खातात, ओलाव्यानं वायर कशी कुजते, एलईडीला वीज किती थोडी लागते, हे तिनं त्याला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तो कंटाळून "कर बाई" म्हणाला. हे नीट पार पडलं तर दुसऱ्या लाँचचंही काम तिलाच मिळणार होतं. आपल्या लाँचवर आपली लेक शिडी लावून काम करते आहे हे बघून सकाळी कप्तानाची छाती फुगली होती. आता त्याच छातीत धाकधूक सुरू झाली होती.

कागदोपत्री तो कप्तान नव्हता, नुसता सुकाणूवाला होता. पण नदीवर कागद कोण बघतो? या काठाला वस्ती, त्या काठाला कारखाने, दवाखाना आणि मोठा बाजार. मधे पूल होणार होता. तो बरीच वर्षं होणारच होता. तोवर लाँच माणसांना सकाळी तिकडे नेऊन घालायची आणि संध्याकाळी परत आणायची. वर सुकाणूवर कप्तान आणि खाली इंजिनापाशी मिस्त्री. कप्तानानं शेजारची दोरी ओढली की खाली घंटा वाजायची. ठोक्यांवरून मिस्त्रीला कळायचं: पुढे, थांब, मागे. उलट खालून वर काही सांगायचं असलं तर एक लोखंडी नळी होती. मिस्त्री तिच्यात तोंड घालून ओरडायचा.

कप्तान या लाँचवर पहिल्यांदा चढला तो खलाशी म्हणून. दोर फेकायचा, फळी लावायची, आणि दिवस कलला की चिंधी घेऊन सगळे बल्ब पुसायचे. बल्ब पुसण्याचं काम त्याला मनापासून आवडायचं. ते दिवे कधी एकदम लागायचे नाहीत. डायनामो जुना, बॅटरी थकलेली. त्यामुळे इंजिन सुरू झालं की आधी आतली तार नुसती तांबूस व्हायची, मग केशरी, आणि लाँच धक्का सोडून वेग घ्यायला लागली की कुठे सगळ्या बाकांवर पिवळा उजेड पसरायचा. थकूनभागून आलेली माणसं त्या उजेडात मऊ दिसायची. सुरकुत्या दिसायच्या नाहीत, कपड्यांवरचे डाग दिसायचे नाहीत. शिवणाच्या कारखान्यातून सुटून रोज शेवटच्या बाकावर येऊन बसणारी एक मुलगी त्याला त्याच उजेडात आवडली होती. तीच पुढे बायको झाली. "त्या दिव्यांनी घात केला माझा," ती आजही म्हणायची. "दिवसाउजेडी बघितलं असतं तर नाही म्हणून मोकळी झाले असते." लेक लहान असताना शाळा सुटल्यावर लाँचवर यायची आणि त्याच बाकावर, त्याच उजेडात, दप्तर उशाला घेऊन झोपायची.

मधली काही वर्षं तो खाली, इंजिनावर, मिस्त्रीच्या हाताखाली होता. तिथल्या धडधडाटात कानांनी कधी काढता पाय घेतला हे त्याला नेमकं सांगता आलं नसतं. आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी. मग लेकीचा फोनवरचा आवाज. घरी बायको म्हणायची, "यांना सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऐकतील तर शपथ!" शेजारणी म्हणायच्या, "आमचे तरी कुठे ऐकतात?" आणि विषय तिथंच मिटायचा. लाँचवर तर इंजिनाच्या आवाजामुळे सगळेच ओरडून बोलायचे. त्यामुळे लाँचवर तो बहिरा नव्हता.

प्रश्न होता तो नळीचा. धक्क्याला लागताना मागे जायची घंटा द्यायची, रिव्हर्स लागला की लाँच थबकायची आणि अलगद येऊन टेकायची. पण जुना गिअर कधीकधी दगा द्यायचा. मग मिस्त्री नळीतून ओरडायचा, "नाही लागला!" आणि कप्तानानं तत्क्षणी सुकाणू फिरवून लाँच बाहेर काढायची, वळसा घेऊन पुन्हा यायचं. हे ओरडणं ऐकू येईनासं झालं तेव्हा कप्तान मनातून हादरला होता. आणि त्याच दिवसांत त्याचं लक्ष डोक्यावरच्या बल्बकडे गेलं. रिव्हर्स लागला की इंजिनावर जोर पडायचा आणि बल्ब क्षणभर मलूल व्हायचा. नाही लागला तर इंजिन मोकळं सुटायचं आणि बल्ब भक्कन उजळायचा. मिस्त्री ओरडेपर्यंत बल्बनं सांगून टाकलेलं असायचं.

तेव्हापासून तो बल्ब त्यानं कधी बंद केला नाही. भर दुपारीसुद्धा तो डोक्यावर जळत असायचा. मालक कुरकुरायचा, उतारू हसायचे. "कप्तान, सूर्य पुरत नाही का?" कप्तानही हसायचा.

हे तो लेकीला कसं सांगणार होता? पायांखाली लाकूड थरथरतं, त्यावरून कळेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दिवे बदलले त्या संध्याकाळी लाँचवर लग्नघर असावं तशी गडबड होती. वायरमननं बटण दाबलं आणि एका झटक्यात सगळी लाँच पांढरीशुभ्र झाली. बाकांच्या फटीतला वर्षानुवर्षांचा कचरा दिसायला लागला. एका बाईला पायाशी आपलं हरवलेलं कानातलं सापडलं. कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "अरे, तू केस रंगवतोस होय!" आणि सगळी लाँच हसली. लोक वाचायला लागले, विणायला लागले. लेक दाराशी उभी राहून त्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिच्याकडे बघून कप्तानाला वाटलं, होईल, सगळं ठीक होईल.

पलीकडचा धक्का नीट लागला. परतीचाही लागेल असंच वाटत होतं. त्यानं वेग उतरवला, मागे जायची घंटा दिली आणि सवयीनं वर बघितलं. नवा दिवा जसाच्या तसा होता, पांढरा, निश्चल. पायांखाली लाकूड थरथरत होतं, पण त्या जुन्या लाकडाची थरथर कधी थांबलेलीच नव्हती. त्यातून त्याला काही उमजेना. खाली मिस्त्री नळीत तोंड घालून शिरा ताणून ओरडत होता. दोर घेऊन पुढे उभ्या असलेल्या खलाशानं मागे वळून पाहिलं. कप्तानानं सुकाणू फिरवलं नाही.

लाँच धक्क्यावर आदळली. उठून उभे राहिलेले उतारू एकमेकांवर कोसळले. पुढची फळी मोडली. एक शिंपी बाकाच्या कडेवर पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं.

घरी बायकोनं विचारलं, "झालं तरी काय?" त्यानं ऐकलं नाही किंवा उत्तर दिलं नाही, कोणतं ते तिला कळलं नाही. तो खिडकीपाशी बसून राहिला. लेक मात्र आल्यापासून कागदावर वायरिंगची आकृती काढत आणि खोडत होती. आपलं कुठे चुकलं ते शोधत होती.

सकाळी मालक धक्क्यावर आला. लाँच उभी होती, इंजिन बंद होतं. कप्तानासाठी तीच वेळ वाईट असायची, कारण इंजिन बंद असलं की माणसं हळू बोलतात. मालक बोलत होता, खलाशी हात हलवून काही सांगत होता, मिस्त्री खाली मान घालून पुसलेलेच हात पुन्हा पुसत होता. कप्तान मागच्या कठड्याला टेकून त्यांच्या तोंडांकडे बघत राहिला. मालक लेकीकडे वळला. ती काहीतरी थोडकं बोलली. मग खाली बसून आपल्या पिशवीत पक्कड, टेप, तारेची भेंडोळी भरायला लागली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत कुणी उगाच बोललं की व्हायचे तसे.

कप्तान पुढे झाला.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं. "ही का आवरते?"

मालक मोठ्यानं म्हणाला, "दिवे काढून टाकायला सांगितलेत, कप्तान. तुमची मुलगी आहे म्हणून मला जास्त बोलायला लावू नका. काचेवर उजेड येतो, धक्का दिसत नाही, असं हे दोघं सांगताहेत. माणसाचा हात मोडला. मी आधीच म्हणत होतो, बोटीचं काम वेगळं असतं."

कप्तानानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ज्या पोरीला मिस्त्रीनं आपल्या खांद्यावर बसवून फिरवलं, तिच्यावर आळ घेताना त्याच्या जिवावर आलं असणार. पण दोस्ताला वाचवायचं तर दुसरं काय बोलणार?

"धक्का दिसत होता," कप्तान म्हणाला. "धक्क्यावरच्या कुत्र्याची शेपटीसुद्धा दिसत होती. इतका चांगला उजेड या लाँचवर कधी नव्हता."

"मग?"

"मिस्त्री ओरडला, ते मला ऐकू आलं नाही."

"होतं असं एखाद्या वेळी," मिस्त्री घाईनं, मोठ्यानं म्हणाला. "वाऱ्याचा आवाज होता…"

"वारा नव्हता. मला कधीच ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली." त्याला वाटलं होतं, हे बोलताना आवाज फुटेल. तो फुटला नाही. "मी त्या जुन्या बल्बवर चालवत होतो. रिव्हर्स लागला का नाही, ते तो सांगायचा. हिनं तो बरोबर काढला. तो ठेवला असता तर आग लागली असती. चूक माझी आहे. काल शिंप्याचा हात गेला, उद्या कुणाचं लेकरू पाण्यात जाईल."

मिस्त्रीचं हात पुसणं थांबलं. मग मालक अवघडून म्हणाला, "म्हणजे… किती ऐकू येत नाही?"

"काय?" कप्तान म्हणाला.

एरवी कुणीतरी नक्की हसलं असतं.

सुकाणूच्या खोलीतून त्याला नेण्यासारखं फारसं नव्हतं. एक चपटी झालेली गादी, पंचा, पाण्याची बाटली. ते घेऊन तो खाली इंजिनाच्या खोलीत उतरला. मिस्त्री एका उलट्या डब्यावर बसला होता. कप्तान त्याच्यासमोर बसला. मिस्त्री त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मग इतकी वर्षं मी त्या नळीत घसा कुणासाठी फोडला रे?"

"मला कळायचं की. दिवा सांगायचा."

"दिवा!" मिस्त्री म्हणाला. "डायनामोचा पट्टा कोण ताणायचं दर आठवड्याला? दिवा नाही, मीच सांगत होतो तुला." आणि त्यानं तेलकट हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले, त्यामुळे गालावर काळा ओघळ उमटला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं, लेकीच्या तोंडून. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं भांडले कुणाशी?"

लेकीला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. ती बाबांच्या समोर जाऊन बसली. एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला सांगायचं होतं ना, बाबा. रिव्हर्स लागला की पेटेल असा एक बारकासा दिवा बसवला असता तुमच्यापुढं. एवढंसं काम होतं. अर्ध्या दिवसाचं."

ते कप्तानाला नीट समजलं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. बोटांवर तारेचे बारीक ओरखडे होते.

"तू बसवला असतास गं," तो म्हणाला. "पण कशासाठी ते आधी मला सांगावं लागलं असतं."

दिवे राहिले. तो बारकासा दिवाही तिनं बसवला, नव्या सुकाणूवाल्यासाठी, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी. दुसऱ्या लाँचचं काम मालकानं तिलाच दिलं. कप्तानाला तो म्हणाला होता, "तिकिटाच्या खिडकीवर बसा." कप्तान म्हणाला, "लोक दोन मागतील, मी दहा देईन." शिंप्याला भेटायला तो दोनदा गेला. पहिल्यांदा शिंप्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, आत बसवलं, आणि एका हातानं सुईत दोरा कसा ओवायचा ते दाखवलं.

लेकीनं हट्टानं त्याला कानाचं मशीन बसवायला लावलं. त्यासाठी पलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं. लाँच टाळून जायला रस्ताच नव्हता. काही आठवडे तो टाळत राहिला. शेवटी एका दिवशी बायकोनं त्याचा सदरा इस्त्री करून समोर ठेवला आणि काही न बोलता चपला घालून दारात उभी राहिली.

जाताना दिवस होता. येताना संध्याकाळ झाली. दोघं आत, खिडकीजवळच्या बाकावर बसली. पांढरा उजेड सगळीकडे सारखा पडला होता. नव्या मशीनमधून इंजिनाचा नुसता घरघराट कानात शिरत होता, माणसांचा एकही शब्द त्यात सापडेना. त्यानं ते काढून खिशात ठेवलं. बायको त्याच्याकडे वळून बोलायला लागली. दवाखान्यातल्या खुर्च्या, डॉक्टरचं तिरसट बोलणं, लेकीनं हल्ली जेवणाच्या वेळा सोडल्यात ते. त्या उजेडात तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. तोंडाशेजारच्या रेषा, एका दाताचा तुटलेला कोपरा, वरच्या ओठावरची बारीक लव. हे सगळं कधी आलं, त्याच्या लक्षातच नव्हतं. तो एकेक शब्द बघून घेत होता. मधेच त्यानं विचारलं, "कुठल्या खुर्च्या?" ती थांबली. मग खुर्च्यांचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.

काठ जवळ आला तशी लाँच मंदावली. कप्तान नकळत उठून उभा राहिला. त्याची बोटं समोरच्या बाकाच्या पाठीवर वळली, पाय जरासे फाकले. घंटा झाली असावी. क्षणभर लाँच पुढेच जातेय असं वाटलं, आणि मग ती थबकली. तिनं धक्क्याला नुसतं टेकल्यासारखं केलं. छान लावली, तो मनाशी म्हणाला. जरा तिरकी, पण छान.

उतारू उतरायला लागले. त्यानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. बायको उतरली. मग तो फळीपाशी आला. पाणी उतरलं होतं, फळीला चांगलाच चढ होता. त्याच्या हाताखाली दोर फेकायला शिकलेला खलाशी तिथं उभा होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उतरवताना करायचा, तसा त्यानं सवयीनं हात पुढे केला, आणि समोर कोण आहे ते बघून गडबडला. हात मागे घ्यावा की नाही, हे त्याला सुचेना.

कप्तानानं तो हात धरला आणि उतरला.